मीटरवर २५२ व्होल्ट आले म्हणजे सोलर प्लेटा ठीक आहेत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला समजलं ते सांगतो, चुकत असेन तर सांगा. देवगडच्या आत घर, जवळ चिरेखाण, स्लॅबवर ५४० वॅटच्या ६ प्लेटा एकाच स्ट्रिंगमध्ये (एकीला एक जोडून केलेल्या माळेत), म्हणजे एकूण ३२४० वॅट. गेल्या एप्रिलात बसवल्या तेव्हा दुपारी इन्व्हर्टर २४०० वॅटपर्यंत जायचा, आता फेब्रुवारीत लख्ख उन्हात १९०० च्या वर सरकत नाही. वायरमनने डीसी बाजूला मीटर लावला, इन्व्हर्टर बंद असताना २५२ व्होल्ट आले आणि तो म्हणाला "व्होल्टेज आहे ना, मग प्लेटा ओके". डीलर म्हणतो थंडीत कमीच येतं. चालू असताना डिस्प्लेवर २०५ व्होल्ट आणि ९.६ अँपिअर दिसतात. आणि तुम्ही विचारताय की प्लेटा काढून लॅबला पाठवू का.

लॅबला आत्ता पाठवू नका. तुम्ही लिहिलेल्या या चार आकड्यांतच बरंच काही आहे, फक्त ते वाचायला हवेत. मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात १४ वर्षं हेच काम करतोय आणि दहातले सात फोन असेच असतात, मीटर लावला, व्होल्ट आले, विषय संपला.

आधी डीलरचं बघू. थंडीत दिवस लहान म्हणून दिवसाचे युनिट कमी हे मान्य. पण तुम्ही दुपारचे वॅट मोजताय, युनिट नव्हे. आपल्याकडे फेब्रुवारीत आभाळ मोकळं असतं, हवा एप्रिलपेक्षा गार, आणि दक्षिणेकडे कललेल्या प्लेटेला फेब्रुवारीचं ऊन चांगलं समोरून मिळतं. त्यामुळे दुपारचा आकडा एप्रिलच्या तोडीचा यायला हवा, पाचशे वॅट खाली कशाला येईल? एक बारीक गोष्ट, तुम्ही बरोबर बाराला रीडिंग घेतलंय. घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७३ च्या थोडे पुढे, त्यात फेब्रुवारी, त्यामुळे सूर्य देवगडात माथ्याच्या रेषेवर येतो तो साधारण १२.५० ला. पण या पाऊण तासाने फरक पडला तर दोनेक टक्के, त्याने ५०० वॅट जात नाहीत.

आता व्होल्टेज. प्लेटेच्या मागे जो ५४० लिहिलेला असतो तो एसटीसीचा आकडा, म्हणजे चौरस मीटरला १००० वॅट ऊन, सेलचं तापमान २५ डिग्री आणि एएम १.५ नावाचा ठरवून दिलेला स्पेक्ट्रम, म्हणजे उजेडातल्या रंगांचं मिश्रण. आता १००० वॅट ऊन आणि सेल २५ डिग्रीला, हे आपल्या स्लॅबवर एकत्र कधी होणार सांगा. ऊन असलं की प्लेट तापते, ५५-६० डिग्री सहज. ५४० च्या मोनो पर्क (सिलिकॉन सेलचा एक प्रकार) प्लेटेवर साधारण असं लिहिलेलं असतं: ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे टोकं उघडी असतानाचं, ४९.५, शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे दोन टोकं एकमेकांना जोडल्यावरचा, १३.८५, चालू असतानाचं व्होल्टेज ४१.६, करंट १२.९७. तुमच्या मेकचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, मागचं लेबल बघून माझ्या हिशोबात तेवढा बदल करा. तापल्यावर प्रत्येक डिग्रीला ओपन व्होल्टेज ०.२७ टक्क्याने आणि पॉवर ०.३५ टक्क्याने उतरते.

लोकांना जे पटत नाही ते हे की व्होल्टेजचा उजेडाशी संबंध फार कमी. उजेड पाच पटीने कमी केला तरी ओपन व्होल्टेज जेमतेम ६ टक्के उतरतं. म्हणून मळभ असलेल्या सकाळी गार प्लेट ४६ व्होल्ट दाखवते आणि टळटळीत दुपारी तीच प्लेट ४४-४५ दाखवते! दुपारी पॉवर चारपट असते तरी व्होल्टेज कमी. तेव्हा "व्होल्टेज आहे ना" याचा अर्थ एवढाच की वायर तुटलेली नाही. करंट मात्र उजेडाबरोबर सरळ वरखाली होतो, निम्मा उजेड तर निम्मा करंट.

आणि कृपा करून व्होल्ट आणि शॉर्ट करंटचा गुणाकार करून वॅट काढू नका, मला दर महिन्याला एकजण ४९.५ गुणिले १३.८५ करून ६८५ वॅट काढून पाठवतो आणि विचारतो कंपनीने ५४० का लिहिलं. उघड्या टोकाला व्होल्टेज असतं पण करंट नसतो, शॉर्ट केल्यावर करंट असतो पण व्होल्टेज नसतं, दोन्ही मिळून काम करतात तो बिंदू मधे कुठेतरी असतो, आणि त्या दोन टोकांच्या गुणाकाराचा किती हिस्सा हातात येतो त्याला फिल फॅक्टर म्हणतात. इथे ५४० भागिले ६८५, म्हणजे ०.७९, चांगल्या सिलिकॉन प्लेटेचा असाच असतो.

बरं, तुमचे २५२. प्लेट ६० डिग्री आणि ऊन ८५० वॅटच्या आसपास धरलं तर एका प्लेटेला साधारण ४४.५ आणि सहांना २६७ व्होल्ट हवेत. तुमचे १५ कमी आहेत. हे १५ कुठले? प्रत्येक प्लेटेच्या पोटात तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक बायपास डायोड, तो भाग अडला की करंटला वळसा घालून पुढे नेणारा. त्यातला एक डायोड शॉर्ट झाला की तो तिसरा हिस्सा कायमचा गायब, आणि तापलेल्या प्लेटेचा तिसरा हिस्सा म्हणजे, हो, १५ व्होल्ट.

वायरमनने मोजलं बरोबर होतं हो, फक्त किती यायला हवेत ते माहीत नसल्यामुळे २५२ हा मोठा आकडा बघून तो खूश झाला.

तरी यात एक जर-तर आहे. त्याने प्लेटेचं तापमान बघितलं नव्हतं. नुसत्या गरमीने २५२ व्हायला प्लेट जवळजवळ ८० डिग्रीला हवी, उंच स्ट्रक्चरवर फेब्रुवारीत ते होणार नाही. पण लेबलवरच्या व्होल्टेजलाच बरेच मेकर ३ टक्के इकडेतिकडे मान्य करतात, वायरमनच्या मीटरची एखाद टक्क्याची चूक धरा, दोन्ही नेमकी कमीच्या बाजूला पडली आणि प्लेट माझ्या ६० पेक्षा थोडी जास्त तापलेली असेल तर माझा संशय खोटा ठरू शकतो. म्हणून याला पुरावा म्हणत नाही, संशय म्हणतो.

पण दुसरा साक्षीदार आहे, तुमचा डिस्प्ले. चालू असताना सहा प्लेटांचं व्होल्टेज एसटीसीला २५० होतं, ६० डिग्रीला ते २१९-२२० वर येतं. अठरा भागांतला एक गेला तर २०७. तुमच्याकडे २०५. आता मला संशय जास्त पक्का वाटतो.

आता करंट. ८५० वॅट उन्हात ११ अँपिअर यायला हवेत, तुमचे ९.६. हे १२-१३ टक्के कमी आहेत आणि ह्याचा डायोडशी काही संबंध नाही. स्ट्रिंगमध्ये व्होल्टेज घटलं तर समजायचं की मोजणीतून सेल गळालेत, आणि करंट घटला तर काचेच्या आत ऊन कमी पोचतंय. तुम्हीच लिहिलंय चिरेखाण जवळ आहे आणि पाऊस ऑक्टोबरनंतर नाही. जांभ्याची ती तांबडी पूड, त्यावर रात्रीचं दव, त्यात खाऱ्या वाऱ्याचं मीठ, असा तो लेप बसतो की नुसत्या पाण्याने सुद्धा निघत नाही, लांबून बघितलं तर प्लेट स्वच्छच वाटते. अर्थात ८५० हा माझा अंदाज आहे, त्या दिवशी समुद्रावरून धुरकट हवा आली असेल तर ऊन ७८० सुद्धा असेल आणि मग निम्म्याहून जास्त दोष हवेचा. हे घरबसल्या मला कळणार नाही, ते मोजूनच कळेल आणि मोजायला सोपं आहे, पुढे सांगतो.

थोडक्यात माझ्या मते तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, एक ६ टक्क्यांचा डायोड आणि एक १२-१३ टक्क्यांची धूळ. दोन्ही मिळून आत्ता यायला हवे होते त्या साधारण २३५० चे १९०० च्या आसपास होतात, हिशोब बसतो.

इथे कुणीतरी म्हणेल की माडाच्या झावळीची सावली किंवा कावळ्याची घाण पडली तरी एक भाग बायपास होतो, मग डायोडच कशावरून. बरोबर आहे, पण सावलीने चालू असतानाचं व्होल्टेज पडतं, ओपन व्होल्टेज नाही पडत, कारण वर सांगितलं तसं उजेड कमी झाला तरी उघड्या टोकाचं व्होल्टेज फारसं हलत नाही. तुमचं दोन्ही ठिकाणी पडलंय. चालूचं पडलं आणि ओपनचं शाबूत, तर आधी वर जाऊन सावली आणि घाण बघा. दोन्ही पडलं तर डायोड किंवा आतलं काहीतरी. बाकी काही विसरलात तरी हा फरक लक्षात ठेवा, माझे कितीतरी फेरे याने वाचलेत.

डायोड का गेला असेल? ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज पडली होती, शेजारच्यांचा टीव्ही गेला, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. जवळ वीज पडली की तिच्या झटक्याने डायोड शॉर्ट होतात, कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसानंतर मला असे डायोड नेहमी मिळतात. डीसीच्या डब्यात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका स्वतःवर घेणारा) असेल त्याची छोटी खिडकी हिरवी आहे की लाल ते आजच बघा. लाल असेल तर तो कामी आलाय, नवा बसवायला लागेल, नाहीतर पुढच्या वळवाला इन्व्हर्टरचा नंबर.

आता मोजायचं कसं. हे वायरमनला सांगा, तुम्ही स्वतः हात घालू नका, २७० व्होल्ट डीसी आहे आणि उजेड असेपर्यंत प्लेटेला बंद करायचं बटण नसतं. क्रम असा, आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर (प्लेटांकडून येणाऱ्या तारेचा स्विच) बंद, मग तारेभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर लावून करंट शून्य झाल्याची खात्री आणि मगच प्लेटांच्या तारा जोडणारे एमसीफोर कनेक्टर सोडवायचे. चालू करंटवर कनेक्टर ओढला की आर्क होतो आणि तो विझत नाही. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा, बऱ्याच वायरमनकडे असतो तो फक्त एसीचा, तो डीसी वायरवर शून्यच दाखवणार आणि माणूस समजणार करंट नाही. असं समजून कनेक्टर ओढलेला एकजण मला माहितीये, बोटं वाचली एवढंच.

मग प्रत्येक प्लेट सुटी करून ओपन व्होल्टेज. सहाही पाच-सात मिनिटांत व्हायला हव्यात, म्हणजे ऊन आणि तापमान सहांनाही सारखंच. हीच खरी युक्ती आहे, लेबलशी तुलना करू नका, भावंडांशी करा. लेबलशी तुलना करायला ऊन मोजावं लागतं, तापमान मोजावं लागतं, मग आयईसी ६०८९१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेल्या पद्धतीने आकडा एसटीसीला न्यावा लागतो, त्यात चुकांवर चुका चढतात. भावंडांत मात्र पाच जणी ४४-४५ आणि एक २९-३० असली तर दुसरा कुठला मीटर लागतच नाही.

त्यानंतर शॉर्ट सर्किट करंट. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात गुहागरकडे एका लॉजच्या गच्चीवर मल्टीमीटर १० अँपिअरवर लावून सरळ प्लेट शॉर्ट केली, तेव्हाच्या लहान प्लेटांना ते चालायचं, ही नवी मोठी प्लेट होती हे डोक्यात आलंच नाही, फ्यूज फट्‌दिशी गेला आणि प्रोबचं टोक वितळून लग्नातल्या फुलबाजीसारखं उडालं, वर मालक बघत उभा. तेव्हापासून माझ्याकडे एक वायर आहे, दोन टोकांना एमसीफोर आणि मधे एक डीसी ब्रेकर. ब्रेकर पाडून जोडायची, ब्रेकर चढवायचा, क्लॅम्पवर करंट वाचायचा, ब्रेकर पाडायचा, मग काढायची. एसीचा ब्रेकर नको, तो डीसीचा आर्क तोडू शकेलच असं नाही.

आता या करंटने धूळ मोजा. एक प्लेट आदल्या संध्याकाळी साफ धुवून ठेवा, मऊ कापड, विहिरीचं गोड पाणी. बोअरचं खारट असेल तर ते वापरू नका, आणि दुपारी तापलेल्या काचेवर पाणी ओतू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी धुतलेल्या प्लेटेचा आणि शेजारच्या मळक्या प्लेटेचा शॉर्ट करंट लागोपाठ घ्या. समजा धुतलेली १२ आणि मळकी १०.६, तर तुमची धूळ १२ टक्के खातेय. आणि धुतलेल्या प्लेटेचा करंट भागिले १३.८५ गुणिले १०००, म्हणजे त्या क्षणाचं ऊन. १२ आले तर ८६६ वॅट. हा गरिबाचा पायरॅनोमीटर (ऊन मोजायचं यंत्र), आणि खरं सांगायचं तर प्लेटेसाठी मोबाइलच्या लक्स ॲपपेक्षा शंभर पटीने बरा, कारण तो स्पेक्ट्रम पण तोच बघतो जो प्लेट बघते. ज्या प्लेटेचा डायोड गेल्याचा संशय आहे तिला ह्या कामाला घेऊ नका.

ढगाळ दिवशी यातलं काहीच करू नका. पावसाळ्यात ढगाच्या कडेने ऊन येतं तेव्हा काही सेकंद १००० च्या वर जातं आणि लगेच ३०० होतं. एकदा ऑगस्टात घाईत मी अशाच दोन रीडिंगांच्या मधे ढग आल्यामुळे चांगली प्लेट बाद ठरवली होती, परत जाऊन माफी मागितली.

तापमान मोजायचं असेल तर ती लाल ठिपक्याची गन काचेवर मारू नका, चकचकीत काचेत तिला आभाळ दिसतं. मल्टीमीटरबरोबर येणारी थर्मोकपलची तार प्लेटेच्या मागे टेपने चिकटवा, सेल त्यापेक्षा दोन-तीन डिग्री जास्त धरायचा.

एवढं करूनही गणित सुटलं नाही तर आयव्ही ट्रेसर. हे यंत्र प्लेटेला उघड्या टोकापासून शॉर्टपर्यंत काही क्षणांत फिरवून आणतं आणि पूर्ण रेषा काढून देतं. घरगुती सिस्टिमसाठी विकत घेण्यात अर्थ नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना एका दिवसासाठी बोलवा. रेषा आधी सपाट चालते आणि मग गुडघ्यासारखी वाकून खाली येते, मी त्या गुडघ्याकडे बघतो. मधेच पायरी दिसली तर सावली, घाण किंवा फुटका सेल. सपाट भाग सुरुवातीपासूनच उतरता असेल तर आतून करंट गळतोय, दमट किनाऱ्यावर पीआयडी (व्होल्टेजमुळे सेल हळूहळू बिघडत जाण्याचा आजार) असेल तर अशीच दिसते. गुडघ्यानंतरचा उतार आडवा पडला असेल तर कुठेतरी रेझिस्टन्स वाढलाय, आणि आपल्याकडे ते नव्वद टक्के वेळा गंजलेला किंवा दोन वेगळ्या मेकचा जोडलेला एमसीफोर असतो. त्याला प्लेट बदलून काय होणार, दीडशे-दोनशे रुपयांचं काम.

लॅबचं सांगतो म्हणजे तो विषय संपेल. लॅबमध्ये सन सिम्युलेटर म्हणजे नकली सूर्य असतो, काही मिलिसेकंदांचा फ्लॅश मारतात म्हणजे प्लेट तापायच्या आत मोजणी होते, करंटच्या आणि व्होल्टेजच्या तारा वेगळ्या लावतात म्हणजे तारेचा रेझिस्टन्स मधे येत नाही. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेत हे होतं, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या खाजगी लॅबही आहेत. पण त्यांच्याही आकड्यात दोनेक टक्क्यांची अनिश्चितता धरावी लागते. त्यामुळे तक्रार ३ टक्क्यांची असेल तर लॅब तुम्हाला न्याय देणार नाही, आणि देवगडहून ट्रकने जाता-येता सेलला तडे गेले तर नवीनच भांडण. वॉरंटीच्या दाव्यात कंपनी अडून बसली आणि प्लेट १५-२० टक्के कमी आहे असं तुमच्या मोजणीत आलं तरच तिकडे जा.

डायोड सापडला तर काय? प्लेटेच्या मागचा जंक्शन बॉक्स, ज्यात डायोड असतात, तो उघडता येणारा असेल तर डायोड बदलता येतो, पण हल्लीचे बॉक्स आतून रबरासारख्या मसाल्याने भरलेले असतात, ते खरवडायला जाऊ नका, वॉरंटी पण जाते. सहा प्लेटांचे आकडे, वेळ, प्लेटांचे सीरियल नंबर आणि मीटरचे फोटो डीलरला लेखी पाठवा. फोनवर "पॉवर कमी येते" म्हटलं की "थंडी आहे" हेच उत्तर मिळणार, "पाच प्लेटा ४४.६ आणि चौथ्या नंबरची २९.८, सगळ्या सात मिनिटांत मोजलेल्या" याला थंडीचं उत्तर देता येत नाही. विजेने गेलेला डायोड वॉरंटीत धरतात की नाही हे मात्र कागद वाचल्याशिवाय सांगता येणार नाही, काहींच्या कागदात वीज वगळलेली असते. आणि तोपर्यंत त्या प्लेटेचा बॉक्स फार तापत असेल, वास येत असेल, तर ती प्लेट स्ट्रिंगमधून काढून पाचांवर चालवा, पण आधी तुमच्या इन्व्हर्टरला पाच प्लेटांचं व्होल्टेज पुरतं का ते त्याच्या पुस्तकात बघा.

जाता जाता, तुमचं घर समुद्रापासून किती आत आहे माहीत नाही, पण प्लेटेच्या कागदात आयईसी ६१७०१ म्हणजे मिठाच्या फवाऱ्याची टेस्ट लिहिली आहे का ते बघून ठेवा. आणि पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर आयसोलेशन फॉल्ट दाखवून उशिरा सुरू होत असेल तर तेही लिहा, तो इन्सुलेशनचा वेगळा विषय आहे, तिथे मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लागतो.

तर आधी एक प्लेट धुवा, मग मोकळ्या आभाळाच्या दिवशी साडेबारा ते एकच्या मधे सहांचे ओपन व्होल्ट घ्या, धुतलेली एक आणि मळकी एक असा करंट घ्या, आणि आकडे वेळेसकट इथे टाका. सर्ज प्रोटेक्टरच्या खिडकीचा रंग पण लिहा, तो विसरू नका.